गंजाचा गुणी भाऊ

भोसरी एमआयडीसीत पावसाळ्यात लोखंडाचा तुकडा रात्रभर बाहेर राहिला की सकाळी तांबूस झालेला दिसतो. शेजारचं ॲल्युमिनियम मात्र जसंच्या तसं! म्हणून ओरलला हमखास उत्तर येतं, "सर, ॲल्युमिनियमवर हवेचा परिणाम होत नाही." मित्रहो, हे उत्तर साफ चूक आहे.

खरं तर ॲल्युमिनियम ऑक्सिजनसाठी लोखंडापेक्षा जास्त हपापलेलं असतं. ताजा कट घेतला की क्षणात त्यावर ऑक्साइड चढतं. फक्त ते दोन-चार नॅनोमीटरवर थांबतं. केसाची जाडी ८० मायक्रॉन धरली तर हा थर तिच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका! लोखंडाचा गंज भुसभुशीत, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा थर घट्ट चिकटून बसतो.

थर थांबतो का? पृष्ठभागावरचा ऑक्सिजन धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो. त्यामुळे थराच्या आरपार विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते धातूचे आयन वर ओढतं. थर जाड झाला की क्षेत्र दुबळं पडतं, आणि नेहमीच्या तापमानाला वाढ जवळजवळ बंद होते. काब्रेरा आणि मॉट यांनी १९४०च्या दशकाअखेरीस मांडलेला हा सिद्धांत.

पण हे अणूंच्या पातळीवर बघायचं कसं? वर्कशॉपमधल्या पत्र्यावर तेल, ओल, ओरखडे सगळंच असतं. म्हणून शास्त्रज्ञ धातूचा एकसंध स्फटिक घेतात आणि निर्वातात ठेवतात. साधं निर्वात पुरत नाही. दाब वातावरणाच्या एक अब्जांशावर आणला तरी पृष्ठभागाच्या प्रत्येक अणूवर साधारण सेकंदाला एक रेणू आदळतो. दाब आणखी दहा हजार पटींनी कमी केला, तर पृष्ठभाग स्वच्छ राहायला जेमतेम तीन तास मिळतात. प्रयोग तेवढ्यात उरकायचा!

निकेल-ॲल्युमिनियमच्या स्फटिकाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तो सुमारे २७५ ते ३०० अंश सेल्सिअसला तापवून मोजून ऑक्सिजन सोडतात, मग ८००च्या आसपास नेतात. ॲल्युमिनियम तेवढं ऑक्सिजनशी जोडलं जातं, निकेल खाली राहतं. वर अर्ध्या नॅनोमीटरचा सुबक थर तयार होतो. इतका पातळच का? जाड ॲल्युमिना विद्युतरोधक असतो. इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या उपकरणांना तो नीट दिसत नाही, कारण त्यावर विद्युतभार साचतो. पातळ थरातून इलेक्ट्रॉन पार होतात.

"याचा आपल्याला काय उपयोग?" असं हॉस्टेलवर कुणीतरी विचारणारच. चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारसायकलचा सायलेन्सर आठवा. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. दुचाकीत बऱ्याचदा तो लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या, कागदाहून पातळ पट्टीचा बनवतात. पट्टी तापवली की आतलं ॲल्युमिनियम वर येऊन ऑक्साइडचा थर धरतं. त्यावर सच्छिद्र ॲल्युमिनाचा लेप आणि लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड तिथे होतो. प्लॅटिनमवरची हीच क्रिया उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खालचा थर सुटला तर लेप सुटतो, आणि मग धूर आपल्याच छातीत. एक एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले बीएस-६चे निकष अशा न दिसणाऱ्या थरांच्याही भरवशावर उभे आहेत.

तेव्हा टिग वेल्डिंगला ॲल्युमिनियमचा जॉब आला की आधी तो स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासा. धातू ६६० अंशांना वितळतो, वरचा थर दोन हजारांच्याही पुढे! त्यासाठीच एसी लावतात. इलेक्ट्रोड धन असतानाच्या अर्ध्या फेरीत आर्क तो थर फोडतो. आणि ओरलला विचारलंच तर सांगा, "सर, ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं. पण ते कुठे थांबायचं हे जाणतं."