डब्यावरचा कागद

खामगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये, ज्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, शेतीच्या अवजारांना आणि पोलादी कपाटांना फवाऱ्याने रंग देण्यात माझी अठरा वर्षे गेली. आणि त्या काळात जो थिनर मी हाताने ओतला, चिंधीने पुसला व, पंखा लावल्यास ओल्या रंगावर धूळ बसते या मालकांच्या समजुतीपायी, बंद खोलीत श्वासावाटे शरीरात घेतला, तो एक दिवस माझे कान नेईल असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. नाकाने घेतलेली वस्तू कानात कशी जाईल?

पहिली सूचना बसस्थानकावर मिळाली. मेहकरला लग्नास निघालेला मी मलकापूरच्या गाडीत निर्धास्त बसलो आणि नांदुरा दिसू लागले तेव्हा उलगडा झाला. उद्घोषणा मला ऐकू आली नव्हती असे नाही. ‘म’ आला, पुढचे व्यंजन हरवले. घरी सौभाग्यवती म्हणे, ‘‘तुम्हाले आयकू येते, पन समजत नाही.’’ पुढे अकोल्याच्या कानतज्ज्ञांनी आलेख काढून जे इंग्रजीत लिहून दिले, त्याचे सार या वऱ्हाडी वाक्यात आधीच आले होते.

थिनरमध्ये बहुधा टोल्युईन, झायलीन अशी द्रव्ये असतात. ती फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेपर्यंत पोचतात, तेथील सूक्ष्म केशपेशी मारतात, आणि कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गालाही बाधा आणतात. म्हणून शांत खोलीतील तपासणीत बरा निघणारा मनुष्य बाजारात मात्र गोंधळतो. त्यात गोंगाटाची भर पडली की हानी वाढते. ब्राझीलमधील छपाई व रंगाच्या कारखान्यांतील कामगारांची जी पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, तीत गोंगाट वा द्रावक यांपैकी कशाशीच संबंध नसलेल्यांत श्रवणदोष ८ टक्के, केवळ गोंगाटात राबणाऱ्यांत २६ टक्के, आणि गोंगाट व टोल्युईन दोन्ही सोसणाऱ्यांत ५३ टक्के आढळला. आमच्या शेडमध्ये कंप्रेसर अहोरात्र धडधडत असे, हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याची गंमत येथेच आहे. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी असून, तीत गोंगाटाने आलेला श्रवणदोष एका ओळीत आणि बेंझीन व त्याच्या विषारी सजातीयांपासून होणारे रोग दुसऱ्या ओळीत आहेत. सहा महिने सलग नोकरी झालेल्यास असा रोग झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास ते मालकाने सिद्ध करावे, असा दंडक. टोल्युईन हे बेंझीनचेच सजातीय. परंतु वाफेने आलेला बहिरेपणा या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत उभा राहतो, आणि कोऱ्या जागेत उभ्या राहिलेल्या माणसास कारकून ओळखत नाही. (हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट केला असून, नव्या दावेदाराने संहितेतील कलम पाहावे.)

माझ्या चुका तीन. २०१६ मध्ये नोकरी सोडताना ‘सर्व येणे भरून पावले’ या मजकुराखाली सही केली, आणि त्या सहीने हक्क बुडाला असे मानून स्वस्थ बसलो. वस्तुतः भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. हे मला तीन वर्षांनी कळले. तोवर दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटली होती. विलंबास सबळ कारण असल्यास आयुक्त तो माफ करू शकतात, तसा माझा झालाही. पण ती मेहेरबानी गृहीत धरून कोणी घरी बसू नये. बहिरेपणाची जाणीव होताच मालकास लेखी सूचना द्यावी, टपालाने द्यावी, आणि पोच जपावी.

 हजेरीपटावर नऊच नावे असत, राबणारे चौदा. दहा कामगारांची अट चुकवून कर्मचारी राज्य विमा योजना टाळण्याची ती युक्ती होती. विम्याचे कार्ड असते तर मार्गच वेगळा झाला असता, कारण विमाधारकास ही भरपाई न मागता विमा महामंडळाकडे जावे लागते. पेशीच्या दिवशी प्रतिपक्षाच्या वकिलांनी कैफियत वाचली: अर्जदाराचा बहिरेपणा वार्धक्यजन्य असून, थिनर अल्प प्रमाणात व मोकळ्या हवेत वापरला जाई. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण थिनरचा काहीच पुरावा मी जपला नव्हता; ही तिसरी चूक सर्वांत महाग पडली. कंप्रेसरच्या खरेदीचे बिल दप्तरात निघाले, म्हणून गोंगाट सिद्ध झाला. थिनर रोखीने येई, डबे भंगारात जात, म्हणून त्याचा मागमूस नव्हता. परिणामी कमाईच्या शक्तीची हानी आठ टक्के धरली गेली, ती गोंगाटापोटी.

टक्का लहान दिसला तरी त्याचे रुपये होतात, हेही ध्यानात ठेवावे. वय ५०, पगार १२,००० असलेल्या कामगाराची हानी २० टक्के ठरली, तर पगाराच्या ६० टक्क्यांस त्या वयाच्या १५३.०९ या गुणकाने गुणून त्याच्या २० टक्के, म्हणजे सुमारे २,२०,००० रुपये येतात. तेव्हा नोकरीस लागतानाच श्रवणाचा एक आलेख काढून घरी ठेवावा, दर वर्षी दुसरा काढावा, आणि डॉक्टरांस केवळ ‘ऐकू येत नाही’ न सांगता कोणते द्रव्य, किती तास, किती वर्षे, हे केसपेपरवर लिहविण्याचा आग्रह धरावा. डॉक्टर घाईत असतात, आपण नसावे.

परवा आमच्या गल्लीतील एक मुलगा, जो चिखलीस रंगकामाला जातो, थिनरच्या डब्याचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन आला. ‘‘काका, याच्यावर काय लिवलं हाये?’’ अक्षरे बारीक, माझे डोळेही आता थकलेले. म्हणून त्यालाच एकेक अक्षर लावून वाचावयास सांगितले. त्याने दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा मला काही भलतेच ऐकू आले. अखेर त्याने वहीचे पान फाडले, वर तारीख घातली, आणि ठळक अक्षरांत ‘टोल्युईन’ असे लिहून ते पान माझ्यासमोर धरले.