कोळशाच्या खाणीत

राहाता परिसरात विहीर खणावयास घेतली, म्हणजे माती व मुरूम संपल्यावर काळा कठीण खडक लागतो. हा खडक काळा असला, तरी कोळसा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो बेसाल्ट होय. मात्र त्याच विहिरीवरील पंप ज्या विजेवर चालतो, तिचा मोठा भाग कोळसा जाळूनच निर्माण होतो. आणि महाराष्ट्रातील कोळशाच्या खाणी आहेत दूर पूर्वेकडे, चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत.

तेथील कोळसा या बेसाल्टहून कितीतरी जुना आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत पडलेल्या वनस्पतींवर गाळाचे थर साचले, आणि त्यांच्या भाराने व भूगर्भातील उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. वरोरा येथे एकोणिसाव्या शतकात सरकारने खाण काढली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्गही टाकण्यात आला. ती खाण १९०६ साली बंद झाली.

खाण कशी काढावी, हे मुख्यतः कोळशाच्या खोलीवर अवलंबून असते. थर वरच असला, म्हणजे उघडी खाण काढतात. चंद्रपूरजवळील दुर्गापूरची खाण या प्रकारची आहे. सुरुंग लावून वरचा खडक फोडतात, यंत्राची अजस्र फावडी तो डंपरमध्ये भरतात, आणि खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाते. या रीतीने थरातील बहुतेक सर्व कोळसा हाती येतो. पण वरचे शेत जाते, झाडे जातात, कधी गावही उठवावे लागते. उपसलेल्या माती-दगडांचे मोठे ढीग खाणींभोवती टेकड्यांसारखे उभे असतात.

थर खोल असला, म्हणजे माणसालाच खाली जावे लागते. नागपूरजवळील सिल्लेवाडा येथे अशी भूमिगत खाण आहे. उतरत्या बोगद्याने चालत, किंवा विहिरीसारख्या उभ्या वाटेने पाळण्यात बसून कामगार खाली जातात. तेथे टोपीवरचा दिवा हाच सूर्य. कोळशातूनच रस्ते खोदावयाचे, आणि छत तोलण्यासाठी मधून मधून कोळशाचेच जाड खांब राखावयाचे. खांब बारीक ठेवले, तर कोळसा अधिक मिळेल. परंतु छत खाली येईल. अनुभवी कामगार छतावर काठी ठोकून कान देतो. आवाज खणखणीत आला, तर ठीक. पोकळ आला, तर तो सर्वांना तेथून बाजूला करतो. पुढे मागे हटत हटत पुष्कळदा ते खांबही काढून घेतात व रिकाम्या जागेवर छत कोसळू देतात. हे काम फार जोखमीचे.

छताखेरीज आणखी दोन शत्रू आहेत. मिथेन वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. हवेच्या शंभर भागांत तो पाच भाग झाला, की एक ठिणगी पुरे. म्हणून मोठा पंखा खाणीतील हवा अखंड खेळती ठेवतो. दुसरा शत्रू पाणी. सोडून दिलेल्या जुन्या खाणीत ते साठून राहते. धनबादजवळील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी असे पाणी चालू खाणीत घुसले, आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे दगावली.

भूमिगत खाणीच्या तोंडाशी हजेरीची नोंद ठेवतात. खाली जाणाऱ्याचे नाव तीत लिहितात, आणि तो वर आला, की तेही लिहितात.