अरुंद वाट व अर्जातील रकाना

पाठ : मत्तय ७:१३, १४, योहान १२:४२, ४३, १९:३८

रुंद वाट ही केवळ दुराचारी लोकांची आहे असे आपण समजतो, आणि आपण चोर नाही, मद्यपी नाही, म्हणून निर्धास्त राहतो. योहानाचा पाठ ही निश्चिंती मोडतो. यहूदी अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांचा प्रभूवर विश्वास बसला होता. परंतु सभास्थानातून घालवून देतील या भयाने त्यांनी तो उघड केला नाही. त्यांचा विश्वास खोटा होता असे योहान म्हणत नाही. त्यांना माणसांकडील मान अधिक प्रिय होता, असे तो म्हणतो.

१. आपल्या प्रांतातील उदाहरण. सन १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी होते. जातिभेद खोटा आहे असे सभासद मानीत आणि सभेत येताना ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खात. परंतु हे सर्व गुप्त. दाराच्या आत पाव, दाराबाहेर पूर्ववत् जातीचे नियम! सन १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीस गेले, नावे फुटण्याचे भय पडले, आणि सभा मोडली.

बेळगावचे बाबा पदमनजी काही काळ याच सभेत होते. तेथेच थांबते तर त्यांस कोणी बोल लावला नसता. तथापि सन १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. पुढे तीनच वर्षांनी विधवांच्या दुःखाविषयी ‘यमुनापर्यटन’ हे त्यांचे पुस्तक निघाले. ज्याला स्वतःचे काही लपवावयाचे नाही, तोच दुसऱ्याच्या दुःखाविषयी मोकळेपणाने बोलू शकतो.

२. आजची परीक्षा. नव्या मुंबईत सीबीडी बेलापूर येथे कोकण भवन आहे. कोकण विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय तेथेच आहे. अशा कचेऱ्यांच्या शहरात आपल्या खेड्यांतील मुले दाखल्यांसाठी व नोकरीसाठी येतात, आणि धर्माच्या रकान्याशी त्यांचा हात अडखळतो. कारण असे : अनुसूचित जातींविषयीचा सन १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख व १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून रविवारी उपासनेत एक धर्म व सोमवारी कागदावर दुसरा, ही वाट कित्येकांस सोयीची वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, ख्रिस्ती धर्म पाळून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणविणे अमान्य केले.

आम्हांस हा नियम न्याय्य वाटत नाही. बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही, आणि शेजाऱ्याची दृष्टीही बदलत नाही. नियम बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने झटणे योग्यच आहे. परंतु अन्यायास असत्याने उत्तर देऊ नये.

३. मंडळीचे कर्तव्य. जो भ्याला त्याचा धिक्कार करू नये. अरिमथाईचा योसेफ गुप्त शिष्यच होता; तरी सर्व शिष्य पांगले असता पिलाताकडे जाऊन प्रभूचे शरीर मागणारा तोच. शिवाय, जो मुलगा खरे लिहितो तो शिष्यवृत्ती गमावतो, कदाचित नोकरीही. ही हानी त्याने एकट्याने का सोसावी? त्याची फी, त्याची पुस्तके, शहरात राहण्याची सोय, हा भार मंडळीने वाटून घ्यावा. ‘खरे लिही’ असा उपदेश करून फी भरण्याच्या दिवशी जी मंडळी तोंड फिरविते, तीही रुंद वाटेनेच चालली आहे.

उपदेशकांनी मंडळीस विचारण्याचे प्रश्न :
(१) अधिकाऱ्यांनी आपला विश्वास का लपविला?
(२) परमहंस सभा व बाबा पदमनजी यांच्या वाटांत भेद कोणता?
(३) आपल्या गावात खरे लिहिल्यामुळे कोणाची हानी झाली आहे, आणि येत्या रविवारपूर्वी आपण त्याच्यासाठी काय करणार?