गव्हाचें अर्धपचित सत्त्व व आंतड्याचा रोग

गहूं हें पौष्टिक धान्य आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु कांहीं थोड्या घरांतील मुलांस तेंच धान्य विषाप्रमाणें बाधतें. मूल पोटभर जेवतें, पण अन्न अंगीं लागत नाहीं. पोट फुगतें, शौचास वारंवार पातळ होतें, रक्त कमी पडतें व वाढ खुंटते. या रोगास सीलिअॅक असें म्हणतात. दिल्लीकडील पाहणींत सुमारें शंभर माणसांत एकास तो आढळला आहे.

कणकेचा गोळा पाण्याखालीं धुतला असतां जो रबरासारखा चिकट भाग हातांत उरतो, तें ग्लूटेन होय. हें प्रथिन आहे. पोटांतील रस प्रथिनांचे अगदीं बारीक तुकडे करितात व मग तीं रक्तांत जातात. परंतु कडबा तोडतांना जशा टणक गांठी विळ्यास दाद देत नाहींत, तशी ग्लूटेनाची कांहीं सांखळी या रसांस दाद देत नाहीं. तेहतीस कड्यांचा असा एक न तुटणारा तुकडा इ. स. २००२ मध्यें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिला.

असे तुकडे आपणां सर्वांच्याच पोटांत उरतात, व बहुतेकांस त्यांचा उपद्रव होत नाहीं. ज्यांस जन्मतःच विशिष्ट आनुवंशिक ठेवण मिळालेली असते, त्यांपैकीं कांहींच्या आंतड्याच्या अस्तरांत मात्र हे तुकडे शत्रु समजले जातात. शरीराचें रक्षक दळ चवताळून उठतें आणि त्या झटापटींत अस्तरावरील मखमलीसारखे अंकुर झडून जातात. अन्नरस शोषणारे तेच अंकुर! नामसादृश्यावरून निरपराध कुळावर जप्ती यावी, तशांतला हा प्रकार.

गव्हाकडे बोट दाखविलें तें हॉलंडांतील बालवैद्य डॉ. विलेम डिके यांनीं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत तेथें दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें उलट सुधारलीं. पाव परत येतांच पुन्हा खंगलीं. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

यावर उपाय एकच: जन्मभर गहूं व जव वर्ज्य करणें. खपली पचावयास हलकी म्हणून अशा रोग्यास विकणें हा अनर्थ आहे. खपली हाही गहूंच. मोड आणून, भाजून वा आंबवूनही हा दोष जात नाहीं. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ मात्र निर्धोक आहेत, हें आपलें मोठेंच भाग्य. पण गिरणींत गव्हावर दळलेली ज्वारी चालणार नाहीं. जातें वेगळें ठेवावें. बांधानी हिंगांतही बहुधा गव्हाचें पीठ असतें.

एक सूचना विसरूं नये. संशय येतांच गहूं आपल्या मनानें बंद करूं नये. प्रथम डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करवावी. गहूं सोडल्यावर केलेल्या तपासणींत रोग असूनही दिसत नाहीं.