पाठच्या भावंडाचे दुखणे

बालवयातील रोगांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. घटसर्प, गोवर, डांग्या खोकला यांसारखे रोग विशिष्ट जंतूंमुळे अथवा विषाणूंमुळे होतात. त्यांचे कारण एकदा निश्चित झाले म्हणजे लस शोधण्याचा मार्ग मोकळा होतो. दुसऱ्या वर्गातील रोगांचे कारण असे एका ठिकाणी सापडत नाही. मुलाला काय खावयास मिळते, ते कोण भरविते, त्याच्या पाठीवर दुसरे मूल किती लवकर येते, घरात पाणी कोठून आणतात, अशा अनेक गोष्टींच्या गुंतागुंतीतून ते उद्भवतात. थोडक्यात, त्यांचे मूळ राहणीमध्ये असते. क्वाशिओरकोर हा या दुसऱ्या वर्गातील रोग होय. मराठीत त्यास सुजवटी म्हणतात. त्याच्या संशोधनाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. अपुरे उत्तर पुरे मानले गेल्यास शास्त्राची वाटचाल कशी लांबते, हे त्यावरून कळून येते.

आक्रा येथील निरीक्षणे

पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट हा प्रदेश त्या काळी ब्रिटिशांच्या ताब्यात होता. 1957 मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्याने घाना हे नाव धारण केले. जमेका बेटात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स या 1929 मध्ये तेथे सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. आक्रा शहरातील मुलांच्या रुग्णालयात त्यांच्यापुढे एक चमत्कारिक दुखणे वारंवार येऊ लागले. साधारणपणे एक ते चार वर्षे वयाची मुले त्याला बळी पडत. प्रथम पाय आणि हात सुजत. मूल चिडचिडे व उदास होई, अन्नाकडे पाहीनासे होई. केसांचा काळा रंग जाऊन ते तांबूस व विरळ होत. कातडीवर काळसर चट्टे उठून तिचे पापुद्रे निघत. उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू ओढवे. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेले आढळे.

या रोगात एक फसवेपणा आहे. सुजेमुळे गाल फुगलेले दिसतात, वजनही फारसे घटत नाही. त्यामुळे जाणत्या माणसालाही क्षणभर ते बाळसे वाटते. दुसऱ्या प्रकारच्या उपासमारीत, म्हणजे सुकटीत, मूल हाडांचा सापळा होते आणि संकट सर्वांना दिसते. सुजवटीत ते सुजेआड दडून राहते.

डॉ. विल्यम्स यांनी 1933 मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले जवळजवळ केवळ मक्याच्या पिठाच्या पेजेवर वाढत होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. काही तज्ज्ञांना हा रोग म्हणजे मका खाणाऱ्या लोकांत आढळणारा पेलाग्रा वाटला. परंतु पेलाग्रात मुख्यतः उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे उठतात. या मुलांच्या बाबतीत तसे घडत नव्हते. हा भेद दाखवून डॉ. विल्यम्स यांनी 1935 मध्ये दुसरा लेख लिहिला आणि त्यात रोगास त्याचे स्थानिक नाव दिले : क्वाशिओरकोर.

नावात दडलेले कारण

हा शब्द आक्रा परिसरातील गा भाषेतील आहे. त्याचा आशय असा की, दुसरे मूल जन्मास आले म्हणजे आधीच्या मुलाला जे दुखणे जडते ते. आई पुन्हा गरोदर राहते, मोठे मूल एकाएकी अंगावरून तोडले जाते, आणि आईचे दूध व आईचा सहवास या दोहोंच्या जागी पातळ पेज येते. ज्या बायकांनी हे नाव रूढ केले त्यांना प्रथिने ठाऊक नव्हती, परंतु रोग कोणत्या घरात व कोणत्या वेळी शिरतो हे त्यांनी अचूक हेरले होते.

भारतीय वैद्यकातही या निरीक्षणाला समांतर असे एक वर्णन आहे. माधवनिदान या ग्रंथात पारिगर्भिक नावाचा बालरोग सांगितला आहे. गर्भवती मातेचे दूध पिणाऱ्या मुलास खोकला, मंदाग्नी, वांती, कृशता, अरुची ही लक्षणे होऊन त्याचे पोट वाढते, असे तेथे म्हटले आहे. हे दोन रोग एकच आहेत असे मानण्याचे कारण नाही, आणि गर्भवतीचे दूध मुलाला बाधते ही समजूतही आजचे शास्त्र सामान्यतः मान्य करीत नाही. उलट, त्या समजुतीपायी मूल घाईने तोडले जाते हाच खरा धोका होय. तरीही पाठचे भावंड येण्याची वेळ मोठ्या मुलाला नाजूक असते, ही गोष्ट परस्परांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांना उमगली होती, हे लक्षणीय आहे.

प्रथिनांवर एकवटलेली दृष्टी

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांनी या प्रश्नात लक्ष घातले. ब्रॉक आणि ओत्रे या दोघा तज्ज्ञांनी आफ्रिकेतील अनेक प्रदेशांची पाहणी केली आणि त्यांचा अहवाल 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाचा प्रसार फार मोठा असून त्याचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो तर्कास धरून होता. मक्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो अम्ले कमी असतात, आणि दूध दिल्यावर पुष्कळशी मुले सुधारत असत.

यानंतर प्रथिनांची उणीव हा जगापुढील पहिला आहारप्रश्न ठरला. 1955 मध्ये त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळ स्थापन झाले. ग्वाटेमालातील मध्य अमेरिकेच्या पोषणसंस्थेने मका व सरकीचे पीठ यांपासून इन्कापरिना हे मिश्रण तयार केले. अन्यत्र माशांच्या पिठापासून, इतकेच नव्हे तर खनिज तेलावर वाढविलेल्या सूक्ष्म जीवांपासून प्रथिने काढण्याचे प्रयत्न झाले. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटाचा इशारा दिला. मात्र असे पदार्थ विकत घ्यावे लागत, आणि ज्या घरांतील मुले सुजत होती त्या घरांत पैशांचाच तुटवडा होता.

हैदराबादचा पुरावा

या मतास महत्त्वाचा धक्का भारतातून मिळाला. कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळा 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था होय. तेथील डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी गरीब कुटुंबांतील मुलांच्या आहाराची मोजदाद केली. सुजवटी झालेल्या मुलांच्या आहारात प्रथिने कमी व सुकटी झालेल्यांच्या आहारात उष्मांक कमी, असा भेद दिसावयास हवा होता. तो दिसला नाही. 1968 मध्ये त्यांनी मांडले की दोन्ही प्रकारची मुले जवळजवळ सारखेच अन्न खात होती, आणि मुख्य उणीव एकंदर अन्नाची, म्हणजे उष्मांकांची होती.

याची उपपत्ती सोपी आहे. घरात सरपण संपले म्हणजे चूल पेटती ठेवण्यासाठी माणूस प्रसंगी लाकडी सामानही जाळतो. शरीराचेही तसेच आहे. उष्णता व हालचाल यांना लागणारे इंधन अपुरे पडल्यास, शरीर बांधण्यासाठी आलेली प्रथिनेही जाळली जातात. अशा मुलाला केवळ प्रथिने देणे म्हणजे चुलीत सागवान घालणे होय. पोटभर अन्न मिळाले, तर धान्य व डाळ यांच्या साध्या मिश्रणातूनही प्रथिनांची गरज भागते. हैदराबाद येथे गहू, हरभरा डाळ, शेंगदाणे व गूळ यांचे असे मिश्रण तयार करण्यात आले.

1973 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मुलांच्या प्रथिनगरजेचे प्रमाण खाली आणले. 1974 मध्ये डोनल्ड मॅक्लॅरेन यांनी या सर्व मोहिमेवर कडक टीका केली आणि 1977 मध्ये ते सल्लागार मंडळ बंद झाले.

अन्न आणि जंतुसंसर्ग

परंतु अन्न पुरेसे देणे एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. पंजाबातील खेड्यांत काम करणाऱ्या गॉर्डन, चितकारा व वायन यांनी 1963 मध्ये असे दाखविले की, वरचे अन्न सुरू होण्याच्या काळातच मुलांना हगवणीचे आजार अधिक होतात. ग्वाटेमालातील सांता मारिया काउके या खेड्यात लिओनार्दो माता यांनी मुलांची जन्मापासून कित्येक वर्षे नोंद ठेवली. प्रत्येक आजारात मुलाची वाढ खुंटे, आणि ती भरून निघण्यापूर्वीच दुसरा आजार येई. आजारात भूक मंदावते, अन्न अंगी लागत नाही आणि अशक्त मुलाला पुन्हा संसर्ग होतो. या दुष्टचक्रास आरंभ होतो तो बहुधा अस्वच्छ पाण्यात कालविलेल्या पेजेपासून.

हाच धोका दुधाच्या डब्यातूनही शिरतो. सिंगापूर येथे 1939 मध्ये दिलेल्या एका भाषणात डॉ. विल्यम्स यांनी, गोड घट्ट दूध तान्ह्या मुलांचे अन्न म्हणून खपविणे ही हत्याच होय, अशी कठोर भाषा वापरली होती. 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीसंबंधी संहिता संमत केली, आणि भारतात 1992 मध्ये तत्संबंधी कायदा झाला. 1975 मध्ये भारतात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी यांची सांगड घालण्यात आली. तिच्यामागे हाच विचार होता.

आजचे ज्ञान

सारखेच अन्न खाणाऱ्या दोन मुलांपैकी एक सुजते व दुसरे सुकते, असे का घडते, याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. आफ्रिकेतील मलावी देशात जुळ्यांच्या 317 जोड्यांचा अभ्यास करून 2013 मध्ये असे दाखविण्यात आले की, आतड्यांतील सूक्ष्म जीवांच्या समूहाचाही या रोगात वाटा असतो. उपचार मात्र पुष्कळ सुधारले आहेत. अत्यवस्थ मुलास प्रारंभी मुद्दाम कमी प्रथिनांचे द्रव अन्न थोडे थोडे देतात, कारण दुबळ्या यकृतास एकदम भार झेपत नाही. प्रकृती सावरल्यावरच भरपूर आहार सुरू होतो. ज्यांना अन्य गुंतागुंत नाही आणि ज्यांची भूक शाबूत आहे, अशा मुलांवर शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या तयार लगद्याने घरीच उपचार करता येतात.

तथापि प्रश्न मिटलेला नाही. 2022 च्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे 14.8 कोटी मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण शेकडा 35.5 आढळले.

घरातील दक्षता

या संशोधनातून निघणारे नियम साधे आहेत. पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, परंतु अंगावर पाजणे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ चालू ठेवावे. मुलाचे पोट लहान असते, म्हणून पातळ पेजेने ते भरते पण मूल उपाशीच राहते. अन्न दाट असावे, त्यात डाळ व थोडे तेल किंवा तूप असावे, आणि ते दिवसातून अनेकदा भरवावे. आजारपणात अन्न तोडू नये. बाळंतपणानंतर पुन्हा गर्भ राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने क्षणभर दाबले असता खळगा तसाच राहिला, अथवा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, तर त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

हे नियम पाळण्यास आईला वेळ, घरात धान्य आणि विहिरीला शुद्ध पाणी असावे लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट औषधाच्या बाटलीत मिळत नाही. म्हणून या रोगाचे निर्मूलन हे जितके वैद्याचे, तितकेच शेतीचे, पाणीपुरवठ्याचे आणि शिक्षणाचेही कार्य आहे.