जुना कॅमेरा केव्हां सोडावा?



गेल्या स्नेहसंमेलनानंतरची गोष्ट. आमच्या छायाचित्र-मंडळांतील दहावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, नाटकाचे बहुतेक फोटो बिघडले. आपला कॅमेरा फार जुना झाला आहे. बाबा मला नवा घेऊन देतों म्हणतात." त्याचे वडील शिवणकाम करतात. या कॅमेऱ्यासाठीं ते पतपेढींतून कर्ज काढावयास निघाले होते, हें मला त्याच वेळीं कळलें. बाप मुलासाठीं कर्ज काढावयास तयार होतो, ही त्याची माया. परंतु तें कर्ज खरोखर कारणीं लागणार आहे कीं नाहीं, हें पाहणें शिक्षकाचें काम. मीं त्याला म्हटलें, "बाबांना आठ दिवस थांबावयास सांग, आणि बिघडलेलीं सर्व छायाचित्रें घेऊन ये." त्या आठ दिवसांत आम्ही दोघे जें शिकलों, तें तुम्हांला व तुमच्या पालकांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमच्या शाळेचा कॅमेरा निकॉन कंपनीचा डी-४० हा आहे. तो २००६ सालीं बाजारांत आला. या जातीच्या कॅमेऱ्यास डीएसएलआर म्हणतात. त्यांत भिंगांतून आंत आलेला प्रकाश तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर परावर्तित होतो आणि आपल्या डोळ्यास दिसतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, मागील पडदा क्षणभर उघडतो आणि प्रकाश संवेदकावर पडून चित्र उमटतें. म्हणजे डोळा जें पाहतो तें त्याच भिंगांतून पाहतो, आणि भिंग हवें तेव्हां बदलतां येतें. हे दोन गुण नीट ध्यानांत ठेवा. दुसऱ्या गुणाशीं आपल्याला पुढें काम आहे.

अशीं यंत्रें पूर्वीं श्रीमंत वृत्तपत्रांनाच परवडत. कोडॅक कंपनीनें १९९१ सालीं निकॉनच्या शरीरावर बनविलेला असा कॅमेरा विकावयास काढला, तेव्हां त्याची किंमत वीस हजार डॉलरांच्या घरांत होती. त्याचा संवेदक अवघ्या तेरा लक्ष बिंदूंचा होता आणि चित्रें साठविण्याची पेटी खांद्यावर वेगळी वागवावी लागे. पुढें २००३ सालीं कॅनन कंपनीचा ३००-डी एक हजार डॉलरांहून कमी किंमतींत निघाला, आणि हौशी माणसासाठीं प्राथमिक श्रेणीचे कॅमेरे निघण्याचा मार्ग खुला झाला. आमचा डी-४० त्याच श्रेणीचा.

आमच्या विद्यार्थ्यानें जो कॅमेरा हेरून ठेवला होता, तो निकॉनचाच डी-३३००, २००४ नव्हे तर २०१४ सालचा. एकाच हातीं वापरलेला. कागदावर पाहिलें तर दोघांत जमीन-अस्मानाचें अंतर. जुन्याचे बिंदु साठ लक्ष, नव्याचे दोन कोटि चाळीस लक्ष. जुना सेकंदास अडीच चित्रें घेतो, नवा पांच. जुन्याची प्रकाशसंवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, १६०० पर्यंत सामान्य रीतीनें जाते व ताणली तर ३२०० पर्यंत. नव्याची १२८०० पर्यंत. जुन्यास रोख धरावयाचे बिंदु तीन, नव्यास अकरा. जुना चलच्चित्र घेत नाहीं, नवा उत्तम घेतो. हे आंकडे ऐकून कोणाचेंही मन नव्याकडे धांव घेईल. पण आंकड्यांना प्रश्न विचारल्याखेरीज त्यांच्यावर विश्वास टाकूं नये.

प्रथम बिंदूंचाच हिशेब करूं. डी-४० चें चित्र ३००८ बिंदु लांब व २००० बिंदु रुंद असतें. डी-३३०० चें ६००० बिंदु लांब व ४००० बिंदु रुंद. क्षेत्रफळ चौपट झालें खरें, परंतु लांबी केवळ दुप्पट झाली. हें तुम्ही भूमितींत शिकलांच आहां. उत्तम छपाईस इंचास ३०० बिंदु लागतात असें धरलें, तर जुन्या कॅमेऱ्याचें चित्र दहा इंच लांब छापतां येतें आणि नव्याचें वीस इंच. आतां सांगा, आपल्या घरीं वीस इंची छायाचित्रें किती टांगलेलीं आहेत? आपलीं बहुतेक चित्रें तर दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलीं जातात. ज्याला भिंतीएवढीं चित्रें छापावयाचीं आहेत, किंवा चित्राचा एखादा कोपरा कापून मोठा करावयाचा आहे, त्याला अधिक बिंदूंचा लाभ खरा आहे. इतरांना तो नांवापुरता.

यानंतर आम्हीं बिघडलेलीं चित्रें टेबलावर मांडून त्यांचे तीन ढीग केले. रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय औषध देऊं नये, तसेंच हें.

पहिल्या ढिगांत चेहरे पांढरेफटक पडलेले होते. रंगमंचाच्या मागें काळा पडदा होता. कॅमेऱ्यानें तो सारा काळोख मोजला, दृश्य अंधारें आहे असें समजून प्रकाश अधिक घेतला, आणि दिव्याखालीं उभ्या असलेल्या पात्रांचे चेहरे जळाले. ही चूक यंत्राची नव्हे. प्रकाश एक-दोन पायऱ्या कमी करण्याची सोय डी-४० मध्यें आहे. ती वापरावयाची राहिली.

दुसऱ्या ढिगांत नायकाऐवजीं पुढें ठेवलेली तुळशीची कुंडी स्पष्ट आली होती. रोख कोठें धरावा हें विद्यार्थ्यानें कॅमेऱ्यावर सोंपविलें होतें, आणि कॅमेऱ्यानें जवळची वस्तु पकडली. मधला बिंदु स्वतः निवडून तो पात्राच्या चेहऱ्यावर धरला असता तर चित्र साधलें असतें. अकरा बिंदूंच्या कॅमेऱ्यानेंही, निवड त्याच्यावर सोडली असती तर, बहुधा कुंडीच पकडली असती.

तिसरा ढीग सर्वांत मोठा. त्यांतील पात्रें हललेलीं, पुसट. दोष येथें मात्र प्रकाशाच्या तुटवड्याचा होता. कॅमेऱ्याबरोबर आलेलें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग पूर्ण लांबविलें म्हणजे त्याचें छिद्र एफ ५.६ हून मोठें उघडत नाहीं. आयएसओ १६०० ठेवूनही पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा राहत होता. तेवढ्यांत नट हात उचलून खालीं आणतो. मग चित्र स्थिर कसें यावें?

येथें विद्यार्थ्याचे डोळे चमकले. "म्हणजे सर, नवा कॅमेरा हवाच ना!" मीं म्हटलें, "घाई करूं नकोस. फळ्यावर गणित मांड." नव्या कॅमेऱ्यांत आयएसओ ६४०० ठेवला तर चौपट लाभ होतो, म्हणजे पडदा सेकंदाच्या साठाव्या भागावर येतो. पण जुन्याच कॅमेऱ्यास ५० मिलिमीटरचें, एफ १.८ छिद्राचें भिंग लावलें तर? ५.६ ला १.८ नें भागून आलेल्या भागाकाराचा वर्ग करा. उत्तर नऊहून अधिक येतें. म्हणजे भिंग नऊ पटींहून अधिक प्रकाश आंत घेतें आणि पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर सहज येतो. नवा कॅमेरा चौपट देतो, नवें भिंग नऊपट. आणि किंमत पाहिली तर असें भिंग कॅमेऱ्याहून पुष्कळ स्वस्त. शिवाय पुढें कॅमेरा बदलला तरी भिंग आपल्याजवळच राहतें.

या भिंगाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. छिद्र मोठें उघडलें म्हणजे स्पष्टतेची खोली कमी होते. तीन रांगांचा समूह घेतला तर मागची रांग पुसट येते. फुकट कांहींच मिळत नाहीं.

गांवांतील एका छायाचित्रकारांनीं आम्हांला तसें भिंग चार दिवस वापरावयास दिलें, आणि पारितोषिक-समारंभाचीं चित्रें त्याच दिव्यांत, त्याच जुन्या कॅमेऱ्यानें स्वच्छ आलीं. वडिलांनीं कर्ज काढलें नाहीं. पुढें मंडळाच्या शिलकींतून तसलेंच भिंग आम्हीं विकत घेतलें.

याचा अर्थ नवा कॅमेरा कधींच घेऊं नये असा नव्हे. सायंकाळीं मैदानावर कबड्डीचा सामना घ्यावयास आम्ही गेलों, तेव्हां छिद्र पूर्ण उघडें, आयएसओ शेवटच्या पायरीवर, रोख बरोबर, हात स्थिर. तरी चढाई करणाऱ्या गड्याचा पाय पुसट आला, आणि पकडीचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मधें निसटला. येथें विद्यार्थी कोठेंच चुकला नव्हता. यंत्राची शक्ति संपली होती. मीं त्याला एक वही करावयास सांगितलें आहे. आपलें सर्व बरोबर असूनही जें चित्र केवळ कॅमेऱ्यामुळें हुकलें, तेवढ्याचीच नोंद तींत करावयाची. वहींत एकाच कारणाच्या नोंदी वारंवार येऊं लागल्या म्हणजे नवा कॅमेरा घेण्याची वेळ आली असें समजावें. आणि कोणता घ्यावा हेंही तीच वही सांगेल.

घेण्याची वेळ आली तर पालकांनीं चार गोष्टी पाहाव्या. एक, डी-४० ची विजेरी डी-३३०० ला चालत नाहीं. जुन्या वस्तूंपैकीं काय निरुपयोगी होणार तें आधीं मोजावें. दोन, भिंगाची जात विचारावी. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या शरीरांत रोख फिरविणारी मोटर नाहीं, म्हणून मोटर नसलेल्या जुन्या भिंगांचा रोख हातानेंच फिरवावा लागतो. आणि निकॉनचीं नवीं एएफ-पी भिंगें डी-४० वर रोख मुळींच धरीत नाहींत. तीन, वापरलेला कॅमेरा घेतांना त्याचा पडदा किती वेळां उघडला आहे तें पाहावें. निकॉनच्या चित्राच्या फाइलींत ही संख्या नोंदलेली असते. चार, या मालिकेंतील शेवटचा डी-३५०० हा २०१८ सालीं निघाला, आणि कंपन्यांचें नवें संशोधन आतां आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. त्यामुळें आरशाचे चांगले कॅमेरे वापरलेले व स्वस्त मिळूं लागले आहेत. घाई न करणाऱ्याचा यांत लाभच आहे.

असो. या अंकांत शिवणयंत्रावर वाकलेल्या एका गृहस्थांचें छायाचित्र तुम्हांला दिसेल. एका दिव्याचा उजेड, सुईखालून सरकणारें कापड आणि तें सांभाळणारीं बोटें इतकेंच त्यांत आहे. तें त्या जुन्या डी-४० नेंच घेतलेलें आहे. चित्र पाहून ते गृहस्थ मला म्हणाले, "सर, माझे हात असे दिसतात हें मला ठाऊक नव्हतें." मुलानें वहींत त्या दिवशीं कांहींच लिहिलें नाहीं.