इतिहासाच्या प्रश्नांची देवघेव

(बी. ए. भाग दोन)

‘इतिहास म्हणजे सनावळी’ हा समज आपल्या विद्यार्थिवर्गात फार रूढ आहे. गेल्या वर्षापर्यंत माझाही तोच होता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे पाठांतर हेच माझे भांडवल.

मी जठारपेठेत मामांकडे राहते. सायंकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही चार-पाच मैत्रिणी जमतो आणि एकमेकींना इतिहासाचे प्रश्न घालतो. नियम एकच : उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून शोधून आणायचे. या देवघेवीतून मला जे उमगले ते येथे तीन उदाहरणांनी मांडते.

पहिला प्रश्न : वॉटर्लूचा विजेता आपल्या जिल्ह्यात केव्हा लढला? उत्तर : २९ नोव्हेंबर १८०३, तेल्हारा तालुक्यातील अडगाव. आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने येथे नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. तारीख मी झटकन सांगितली. मैत्रीण म्हणाली, “बरं, मग त्यानंतर तो कुठं गेला?” मी गप्प. १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. ही साखळी कळल्यावर अडगावची तारीख पाठ करावी लागत नाही, ती आपोआप लक्षात राहते.

दुसरा प्रश्न मीच घातला : इंग्रजांनी वऱ्हाड कोणत्या साली जिंकला? शोधू लागलो तेव्हा प्रश्नच चुकीचा निघाला. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नावाची मालकी त्याचीच राहिली. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. चुकीचा प्रश्नही आम्हाला बरोबर माहितीपर्यंत घेऊन गेला, मात्र आपली चूक आधी कबूल करावी लागली.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र माझी मान खाली गेली. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात १९३० साली मिठाचा सत्याग्रह कोठे झाला? मी मोठ्या ऐटीत ‘शिरोडे’ म्हणाले. शिरोडे तर कोकणात! उत्तर होते दहीहांडा, आपल्याच अकोला जिल्ह्यातले. तेथील विहिरींच्या खारट पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला.

रात्री मी वडिलांना फोन केला. ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी शांतपणे सांगितले, “अवं, तिकडच्या इहिरीचं पानी खारंच हाय ना. आटवलं का मीठ खाली बसते. आपल्याही इहिरीचं तसंच. म्हणून तर ओलित होत नाई.”

आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात ही क्षारयुक्त जमीन पसरली आहे. विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीन बिघडते, म्हणून कपाशी, तूर, मूग सारे पावसाच्या भरवशावर. सतरा वर्षे मी ते पाणी प्यायले आणि उत्तर दिले शिरोडे! माझ्या पुस्तकात नसलेला इतिहास वडिलांच्या विहिरीत होता.

मग आणखी एक गोष्ट उलगडली. त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. मीठ सर्वत्र मिळणार नव्हते. पण जंगलाच्या निर्बंधांचा जाच गावोगावच्या शेतकऱ्याला होता. जेथे जो कायदा बोचतो, तेथे तो मोडायचा. ‘केव्हा’ या प्रश्नाने हे कळले नसते. ‘येथेच का’ असे विचारल्यावर कळले.

म्हणून माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. प्रश्न अवश्य घाला, पण प्रत्येक ‘केव्हा’च्या मागे एक ‘का’ जोडा. उत्तर ग्रंथालयात पडताळून पाहा. आणि सुटीत गावी जाल तेव्हा एखादा प्रश्न घरच्यांनाही विचारा. मी यंदाच्या दिवाळीत वडिलांसाठी पाच प्रश्न लिहून नेले होते. तीन त्यांनी सोडवले. उरलेले दोन मी अजून शोधते आहे.